गाभण घोडीच्या केसांतून कॉर्टिसॉल: केस कुठले, किती?

सेलूकर:
घोडी पाच महिन्यांची गाभण आहे. उन्हाळाभर तिला किती ताण पडला ते बघायचं आहे. सुई दिसली की उधळते, अन् तेवढ्यानंच रक्तातलं कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) चढते. म्हणून केस. कुठले घ्यायचे, किती? त्यातच प्रोजेस्टेरॉन (गाभ टिकवणारं हार्मोन) बघून गाभ टिकेल का ते कळते काय?

नालबंद:
शेपटीचे नकोच भाऊ, मूत लागलेलं असते. मानेवर तळहाताएवढी जागा मशीननं कातडीलगत साफ करा, ते केस वेगळे ठेवा. दीड-दोन महिन्यांनी तीच जागा पुन्हा कापा, म्हणजे मधल्या काळात उगवलेलेच केस हाती येतात. नाहीतर केस कोणत्या महिन्यातला ते सांगता येत नाही. उपटू नका. अर्धा ग्रॅम कापा, धुण्या-दळण्यात बराच जातो. फॉइलमध्ये गुंडाळून कागदी पाकिटात, अंधारात, कोरडं ठेवा. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते, बुरशी येते. पाकिटावर तारीख अन् गाभाचा दिवस लिहा. प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड औषध) दिलं असेल तर तेही लिहा, बऱ्याच तपासणी किटना ते कॉर्टिसॉलच वाटते.

पिपेट:
प्रयोगशाळेत: आयसोप्रोपॅनॉलनं तीनदा, दर वेळी ३ मिनिटं धुवा. घाम-मळ बाहेर जायला हवा, पण जास्त धुतलं तर आतलं हार्मोनही निघते. पूर्ण वाळवून मगच बारीक दळा. दळल्यावर धुणं म्हणजे माल सांडणं. ५० मिग्रॅ भुकटीत १ मिली मिथेनॉल, रात्रभर हलवत ठेवा, वरचं द्रव काढून वाळवा, बफरमध्ये (किटसोबतच्या द्रावणात) घेऊन एलायझा (अँटिबॉडीनं हार्मोन मोजायची किट) लावा. मिथेनॉल उरलं तर आकडे भलतेच येतात. उत्तर पिकोग्रॅम प्रति मिग्रॅमध्ये.

गाभ टिकेल का, हे मात्र केस सांगत नाही. तो मागचं सांगतो. शिवाय घोडीत सातव्या महिन्यानंतर खरं प्रोजेस्टेरॉन फार कमी असते. वार (गर्भासोबत बाहेर पडते ती) जे बनवते ते मुख्यतः त्याच्यासारखंच डायहायड्रोप्रोजेस्टेरॉन, अन् किटची अँटिबॉडी त्यालाही पकडते. म्हणून कोणती किट ते विचारल्याशिवाय आकडा वाचू नका. धोका बघायचा तर गुदमार्गे सोनोग्राफी करून गर्भाशय अन् वारेची मिळून जाडी मोजून घ्या: गाभाच्या २७० दिवसांपर्यंत ७ मिमीच्या आत हवी. कास वेळेआधी भरली तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

सेलूकर:
डाव्या बाजूला पट्टा घासते. उजवी चालेल?

नालबंद:
उजवीच घ्या. घासल्या जागी कातडी स्वतःच कॉर्टिसॉल बनवते. पण मग शेवटपर्यंत उजवीच, अन् पांढरा ठिपका टाळून.