[मंडळ-यादी] पुन: कोर्टाची तारीख आणि गणपती

नमस्कार मंडळी,
विषय नाटकाचा नाही, माफ करा. जुन्या मालकाने ओव्हरटाइम बुडवला म्हणून मी इथे अमेरिकेत फेडरल कोर्टात दावा लावलाय. वकील परवडत नाही, तेव्हा स्वतःच लढतेय. कोर्टाच्या शेड्युलिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे केसच्या वेळापत्रकात, 'डिस्कव्हरी (एकमेकांकडून माहिती आणि कागद मागवणं) 30 सप्टेंबरला बंद' असं लिहिलंय. परवा त्यांच्या वकिलाकडून टपालाने तीन गठ्ठे आले: इंटरॉगेटरीज (लेखी प्रश्न), कागदपत्रांची मागणी आणि रिक्वेस्ट्स फॉर ॲडमिशन. सप्टेंबरअखेरपर्यंत वेळ आहे, तर गणपती झाले की निवांत बसते. माझे प्रश्नही तेव्हाच कोर्टात दाखल करीन. चालेल ना?

---

अगं, निवांत कसली बसतेस!
मी वकील नाही, पण याच कोर्टात स्वतःची केस चालवून हात पोळून घेतलेत. 30 सप्टेंबरला सगळंच संपलेलं असायला हवं. त्या गठ्ठ्यांची मुदत वेगळी: 30 दिवस, टपालाने आले म्हणून वर 3. तेही पाकीट हातात पडल्यापासून नाही, शेवटच्या पानावरच्या सर्टिफिकेट ऑफ सर्व्हिसच्या (कागद कधी पाठवले त्याच्या दाखल्याच्या) तारखेपासून.

तिन्हींत बारीक दिसतो तो ॲडमिशनचा गठ्ठा, आणि चावतो तोच. 'तुम्ही आठवड्याला 40 तासांपेक्षा जास्त काम केलं नाही, हे मान्य करा' असली वाक्यं असतात त्यात. मुदतीत उत्तर गेलं नाही, तर तू ते मान्य केलंस असंच धरतात. मी तो गठ्ठा फालतू समजून शेवटी ठेवला होता. मग कबुली मागे घेऊ द्या म्हणून जजपुढे मोशन, म्हणजे अर्ज! एवढा घाम मला ग्रीन कार्डाच्या मुलाखतीतही फुटला नव्हता. वेळ कमी पडत असेल तर त्यांच्या वकिलाला आताच मेल कर, आठवडा वाढवून माग आणि होकार लेखी घे.

तुझे प्रश्न कोर्टात दाखल करायचे नसतात, थेट त्यांच्या वकिलाला पाठवायचे. पोटप्रश्नांसकट जास्तीत जास्त 25. त्यांनाही तेच 30 दिवस मिळतात, म्हणून ऑगस्टअखेर टपालात टाकलेस तर उत्तराची मुदत सप्टेंबर ओलांडते आणि ते सरळ हात वर करतात. 20 ऑगस्टच्या आत पाठव. हजेरीच्या नोंदी आणि पगाराचे कागद आधी माग; पगाराचे कागद मालकाला 3 वर्षं ठेवावेच लागतात.
— छपराखालचा काका

---

काका, सल्ला उत्तम, पण हा धागा इथेच थांबवा. वकील-अशिलातली गुप्तता आपल्या यादीला नाही. हे मेलसुद्धा समोरचा वकील मागू शकतो. आणि ताई, घाबरून पुसून टाकू नका हं, ती तर आणखी मोठी भानगड.
— यादी सांभाळणारी

---

शेवटचं पान पाहिलं. 25 जुलै!
काका, रात्री फोन करते. आणि नाटकवाले, या महिन्यात माझ्या जागी दुसरी मावशी बघा.