टायगर बार्ब एंजलच्या मागं लागलेत, कुणाला काढू?

जुळे_सोलापूरकर: नमस्कार मंडळी, माझ्याकडं माशांचं तीन फुटी टँक आहे, दीडशे लिटरच्या आसपास. त्यात चार एंजल, एक निळा गुरामी, थोडे निऑन आणि पोराच्या हट्टापायी आणलेले तीन टायगर बार्ब. दुकानदार म्हणाला तीनच न्या, जास्त नेले की मारामाऱ्या करतात. आता एंजलचे खालचे लांब पंख कुरतडून निम्मे राहिलेत, दोन एंजल फिल्टरच्या विरुद्ध कोपऱ्यात तोंड लपवून उभे, खायला टाकलं तरी पुढं येईनात, आणि परवापासून गुरामी पण वरच्या वरच तरंगतोय. बार्ब परत द्यायला गेले तर दुकानदार घेईना. शेजारच्या काकू म्हणतात सिद्धेश्वर तळ्यात सोडून ये. काय करू?

शेंगाचटणी: ताई दुकानदारानं उलटं सांगितलं बघा. टायगर बार्ब झुंडीत राहणारा मासा, त्यांची आपापसात कोण मोठा कोण छोटा ही भांडणं चालूच असतात, आठ-दहा असले की त्यातच गुंतून राहतात. तीन ठेवले की बाकीच्यांच्या मागं लागतात, आणि समोर एंजलसारखा संथ, लांब पंखाचा मासा असला की विचारूच नका. पण आता अजून पाच आणून टाकू नका हां, एंजलबरोबर बार्ब किती का असेनात भरवसा नाही. बार्ब बाहेर, विषय संपला.

कंबर_तलाव: विषय संपला काय बे, नीट वाच की. बार्ब पंख तोडून पळतो, कुणाला तासन्‌तास कोपऱ्यात कोंडून धरत नाही. ताई, दोन एंजल कोपऱ्यात आहेत, मग राहिलेले दोन कुठं आहेत ते सांगा. फिल्टरच्या पाईपपाशी आहेत का? पाईप तोंडानं साफ करालेत का? आणि मधे पाणी बदललं होतं का?

जुळे_सोलापूरकर: अय्या हो! आत्ता टॉर्च लावून बघितलं तर पाईपवर साबुदाण्याहून बारीक, पिवळसर दाणे ओळीनं चिकटलेत आणि एक एंजल पंखानं वारा घालतोय. गुरामी जवळ गेला की दुसरा अंगावर धावून जातो. पाणी म्हणाल तर नळाला पाणी आलं त्या दिवशी जवळपास निम्मं टँक बदललं, परत कधी येईल काय भरवसा म्हणून.

कंबर_तलाव: मग झालं, जोडी लागली तुमची. एकदम जास्त ताजं, थंड पाणी पडलं की एंजल बऱ्याचदा अंडी घालतात. पाणी येईल तेव्हाच निम्मं बदलण्यापेक्षा ड्रममधे साठवून, अँटी-क्लोरीन टाकून, दर आठवड्याला वीस-पंचवीस टक्के बदला. तर तुमच्याकडं दोन वेगळी भांडणं आहेत, पंखाचं बार्बचं आणि कोपऱ्याचं या जोडीचं. नुसते बार्ब काढले तरी ते दोन एंजल मार खातच राहणार. छिद्रं असलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी मधे उभी करा, जोडी एकीकडं आणि बाकी सगळे दुसरीकडं. पाणी इकडून तिकडं फिरलं पाहिजे, गच्च काच लावू नका. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात, पांढरी पडली तर ती खराब. पहिल्या खेपेला बऱ्याच जोड्या स्वतःच खाऊन टाकतात, पोराला आधीच सांगून ठेवा. आणि निऑन मोजा, मोठ्या एंजलला ते खाऊच वाटतात.

शेंगाचटणी: बरोबर आहे, पाईपचं माझ्या डोक्यात आलं नाही. दुकानवाले दगड-झाडं हलवून जागा बदलायला सांगतात, म्हणजे हद्दी मोडतात, ते एरवी चांगलंय पण अंड्यावर बसलेल्या जोडीला आत्ता छेडू नका.

उन्हाचा_तडाखा: पाण्याचं टेंपरेचर किती आहे ताई? आपल्याकडं एप्रिल-मेमधे बंद खोलीत टँक आरामात ३१-३२ ला जातं. पाणी तापलं की माशाला ऑक्सिजन जास्त लागतो आणि पाण्यात मात्र तो कमी होतो, त्यात भांडण झालं की हरलेला लवकर दमतो. झाकण काढून जाळी टाका आणि वरून छोटा फॅन सोडा, आपली हवा कोरडी, त्यामुळं दोन-तीन डिग्री सहज उतरतात. फक्त पाणी भराभर उडतं आणि क्षार खालीच राहतात, म्हणून वरचेवर बोअरचं पाणी ओतू नका, आधीच जड असतं. लाईट जाते त्यासाठी बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा. गुरामीचं म्हणाल तर तो वर येऊन हवेतला श्वास घेतोच, पण खायचं सोडून वरच बसला असेल तर त्याला पण जोडीपासून लांब ठेवा.

जुळे_सोलापूरकर: ३१ आहे. फॅन लावते. निऑन पाचच दिसालेत, होते नऊ. तळ्याचं काय करू?

कंबर_तलाव: तळ्यात अजिबात नाही. बाहेरचा मासा एकदा पाण्यात गेला की परत काढता येत नाही, उजनीत चिलापी किती माजलीय बघा, ती पण आपली नव्हे. बार्ब मला द्या, माझ्याकडं बारा जणांची टोळी आहे, त्यात तीन खपून जातील. रविवारी अकराच्या आत सात रस्त्याला या, उन्हात पिशवी तापते. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा, आदल्या दिवशी खायला घालू नका.

जुळे_सोलापूरकर: येते. पोरगं पण येणार म्हणतंय, तुमची टोळी बघायला.

कंबर_तलाव: आणा की. फक्त अजून एक मासा द्या म्हणाला तर माझं नाव घेऊ नका.