वसतिगृहाचं पहिलं वर्ष : काय न्यायचं, किती, आणि काय घरीच ठेवायचं

प्रवेशाची यादी लागली की घरात सामानाची यादी सुरू होते आणि रोज वाढत जाते. पहिल्यांदाच घर सोडून वसतिगृहात जाणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी हा अनुभव धागा. लिहिणाऱ्यांना एकच विनंती : स्वतःच्या गोष्टी बाजूला ठेवा. वस्तूचं माप, संख्या, ती कशी बिघडते आणि का, एवढं नेमकं लिहा. सुरुवात मी करते.

सामान तीन हप्त्यांत जावं, हे माझं ठाम मत. पहिला हप्ता पहिल्या रात्रीचा. दुसरा पहिल्या सुट्टीपर्यंतचा. ती बहुतेकांना गणपतीत किंवा दसऱ्याला मिळते. तिसरा दिवाळीनंतरचा, म्हणजे थंडीचे कपडे, जाड पांघरूण, कार्यक्रमांसाठी साडी किंवा झब्बा. खोली पाहिल्याशिवाय कॉटचं माप, कपाट किती खोल, सॉकेट कुठे, खिडकीला जाळी आहे की नाही, हे कळत नाही. आणि निम्मं सामान या चार गोष्टींवरच ठरतं.

पहिल्या रात्रीची पिशवी वेगळी भरा : दोन कुलपं, चादर, अभ्रा, पंचा, साबण, ब्रश, एक लिटरची बाटली, टॉर्च, चार्जर, डासांचं मलम, एक कपड्यांचा जोड, सपाता, सुती फडक्याचे तीन-चार तुकडे आणि जुनी वर्तमानपत्रं. खोली सुट्टीभर बंद असते. कपाट ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, वर्तमानपत्र अंथरल्याशिवाय कपडे आत ठेवू नका. बादली, मग, झाडू, फिनेल तिथेच पहिल्या दुपारी घ्या. बादली १६ ते १८ लिटरची पुरे. त्याहून मोठी भरून दोन मजले चढवता येत नाही.

माजी रेक्टर, मुलींचं वसतिगृह, पुणे

आधी कागद. शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेज ठेवून घेतं, म्हणून तो देण्याआधी रंगीत स्कॅन करून फोनमध्ये आणि ईमेलवर ठेवा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, अधिवास प्रमाणपत्र, आधार, आणि लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला : प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स. पासपोर्ट आकाराचे फोटो १५ ते २० लागतात, कारण वसतिगृह, मेस, ग्रंथालय, बसपास, बँक सगळे मागतात. रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थी आणि पालक दोघांचं असतं. ते ऑनलाइन भरून त्याची प्रत जवळ ठेवा. रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा क्रमांक १८००-१८०-५५२२ फोनमध्ये साठवून ठेवा.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून शिष्यवृत्ती किंवा डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता घ्यायचा असेल, तर पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. निघण्यापूर्वी बँकेत जाऊन आधार जोडणी झाली आहे ना, आणि आधारला असलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, हे दोन्ही पाहा. नंबर बंद असला की ओटीपी येत नाही आणि अर्ज तिथेच अडतो.

कुलपं दोन : दाराला ५० ते ६० मिलिमीटरचं, कपाटाला ३० ते ४० मिलिमीटरचं. कपाटाच्या कडीचं भोक लहान असतं, जाड दांड्याचं कुलूप त्यात जातच नाही. तिसरी किल्ली घरी पाठवू नका, तिथून ती उपयोगाला येत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या विश्वासातल्या मैत्रिणीकडे द्या.

आता ढेकूण. कॉटवर गादी टाकण्याआधी टॉर्चने सांधे, नट-बोल्टच्या खाचा आणि पट्ट्यांची खालची बाजू पाहा. काळे ठिपके दिसले तर गादी उघडू नका, आधी रेक्टरना सांगा. लोखंडी कॉटच्या सांध्यांवर उकळतं पाणी ओतलं की ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. नुसत्या फवाऱ्याने अंडी वाचतात, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा ढेकूण दिसतात. आधीच्या मुलींनी सोडलेली गादी फुकट मिळाली तरी घेऊ नका. सुट्टीत घरी जाताना बॅग उंबऱ्याबाहेरच रिकामी करून कपडे कडक गरम पाण्यात घाला.

गादी कारखानदार, सांगली

वसतिगृहाची कॉट बहुतेक ठिकाणी ६ × ३ किंवा ६ × २.५ फूट. तयार गादी मात्र ७२, ७५ आणि ७८ इंच लांबीत येते. वसतिगृहाला फोन करून माप विचारा, मगच घ्या. ७८ इंची गादी ७२ इंची कॉटवर सहा इंच बाहेर लोंबते आणि महिन्याभरात तिथे मोडते.

लोखंडी पट्ट्यांच्या कॉटवर दोन इंची मऊ फोम खड्ड्यात बसतो, कंबर धरते. चार इंची काथ्याची किंवा दाबलेल्या फोमची गादी घ्या. पट्ट्यांमध्ये फार अंतर असेल तर खाली प्लायवुड टाकायची परवानगी मागा. कापसाची गादी पाठीला उत्तम, पण ती ८-१० किलोंची असते, ओल धरते, आणि तिला उन्हाची गच्ची लागते. कोकणात किंवा तळमजल्यावर ती नेऊ नये. चादरी दोन, ६० × ९० इंच, गडद सुती. सोलापुरी चादर जरूर न्या, पण दिवाळीनंतर. पावसात धुतली तर दोन दिवस वाळत नाही.

विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक

खोलीतलं सॉकेट बहुधा ६ अँपिअरचं असतं. २३० व्होल्टला गुणलं तर जेमतेम १३८० वॅट. दीड हजार वॅटची किटली त्यावर लावली की सॉकेट तापतं, पत्ती काळी पडते आणि एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप बंद होणारा स्विच, पडतो. चार-पाच खोल्या एकाच एमसीबीवर असल्या तर सगळे अंधारात. पाणी तापवायचा रॉड याहून धोक्याचा, लोखंडी बादलीत तर जिवावरचा. बहुतेक वसतिगृहांत या दोन्हींवर बंदी असते आणि ती पाळावी.

एक्स्टेन्शन बोर्ड आयएसआय खुणेचा, ३ ते ४ मीटर वायरचा, तीन पिनांचा आणि त्यालाच फ्यूज असलेला घ्या. सॉकेट अनेकदा दाराजवळ असतं आणि टेबल खिडकीपाशी, म्हणून दीड मीटरची वायर पुरत नाही. एका बोर्डात दुसरा बोर्ड खुपसू नका. तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा जोड लावू नका. त्याने अर्थिंग तुटतं, मग लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लागला की झिणझिण्या येतात. असं झालं तर आधी तो जोड काढा. तरीही झिणझिण्या आल्या तर सॉकेटलाच अर्थिंग नाही, तशी लेखी तक्रार द्या. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून प्रत्यक्षात साधारण ६,००० ते ६,५०० मिळतात, म्हणजे आजचा फोन एकदा पूर्ण भरतो.

दापोली परिसरात शिकलेली, कृषी पदवीधर

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि सत्र नेमकं त्यातच सुरू होतं. इथे कपड्यांची संख्या वाळण्यावरून ठरवा. कपडा वाळायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून बाहेरचे सात-आठ जोड आणि आतले दहा. जीन्स एकच. टर्किश टॉवेल आणू नका, आठवडाभर कुबट राहतो. सुती पंचे तीन आणा, पंख्याखाली ते अर्ध्या दिवसात वाळतात. नायलॉनची दोरी ६ मीटर, चिमटे दोन डझन. शर्ट उलटा करून, खिसे बाहेर काढून टांगा, नाहीतर शिवणीत ओल राहते आणि वास तिथूनच येतो.

खोलीत कपडे वाळवले की ते पाणी भिंतीत आणि कपाटात जातं, मग बुरशी. दिवसातून तासभर पंखा लावून कपाटाची दारं उघडी ठेवा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. चामड्याचा पट्टा, पाकीट, बूट यांवर पंधरा दिवसांत पांढरी बुरशी येते. पॉलिश करून वर्तमानपत्रात गुंडाळा. रोजच्या वापराला रबरी तळाच्या, मागे पट्टा असलेल्या सँडल. कापडी बूट भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि चार-पाच तासांनी बदला.

छत्री की रेनकोट? दोन्ही. वाऱ्यात छत्री उलटते, आणि वर्गात रेनकोट ठेवायला जागा नसते. दप्तराला वेगळं आवरण हवंच. त्याहून खात्रीचं म्हणजे आत जाड प्लॅस्टिकची पिशवी. वह्या त्यात, मग दप्तरात. बाहेरचं आवरण पाठीकडून पाणी घेतं.

मच्छरदाणी कॉटपेक्षा अर्धा फूट रुंद घ्या. जाळीला कोपर टेकलं की डास बाहेरूनच चावतो. भिंतीला खिळे ठोकू देत नाहीत, म्हणून चार फुटी बांबू कॉटच्या पायांना बांधा किंवा खिडकीच्या गजांतून दोरी काढा. दहा मीटर दोरी लागते. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, दुपारच्या झोपेलाही ती लावा.

अभियांत्रिकी, तिसरं वर्ष

पहिल्या वर्षाचं साहित्य आधी विकत घेऊ नका. ड्राफ्टर (ड्रॉइंगच्या शीटवर रेषा मारायचं उपकरण), शीट गुंडाळायची नळी, वर्कशॉपचा गणवेश, रसायनशास्त्राचा ॲप्रन : प्रत्येक कॉलेजचा रंग आणि प्रकार वेगळा, आणि दुसऱ्या वर्षाची मुलं ड्राफ्टर निम्म्या किमतीत देतात. घेताना त्याचा स्क्रू घट्ट करून दोन समांतर रेषा मारून पाहा. सांधा ढिला असला तर दुसरी रेषा कलते. सायंटिफिक कॅलक्युलेटर मात्र घरूनच न्या, प्रोग्रॅम न होणारा, कारण परीक्षेत तोच चालतो. वर्कशॉपला पूर्ण बंद चामडी बूट लागतात.

गृहिणी, सातारा

खाऊ किती दिवस टिकतो त्यावर डबे भरा. शेंगदाण्याची कोरडी चटणी साधारण महिनाभर, जवसाची थोडी कमी. सुकं खोबरं घातलेली चटणी तीन आठवड्यांत खवट होते, म्हणून ती आधी संपवायला सांगा. मेतकूट दोन-तीन महिने सहज राहतं; मेसचा भात, तूप आणि मेतकूट हे आजारपणातलं जेवणही होतं. प्रत्येक चटणी पाव किलो, त्याहून जास्त नको. एकदम किलोभर दिली तर वाटली जाते किंवा पावसात ओल धरते, आणि ओला चमचा एकदा गेला की आठवड्यात बुरशी.

डबे स्टीलचे, घट्ट झाकणाचे. प्लॅस्टिकचा डबा उंदीर रात्रीत कुरतडतो. लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर प्लॅस्टिकचा कागद ताणून वर झाकण फिरवा, बरणी वेगळ्या पिशवीत उभी ठेवा आणि वर दोन बोटं रिकामी सोडा, नाहीतर बस हलली की तेल बाहेर. तूप एका मोठ्या बरणीपेक्षा दोन लहान बाटल्यांत. लाडू बेसनाचे किंवा डिंकाचे. ओल्या नारळाचं काही देऊ नका. आणि तीन पुडांचा डबा आवर्जून द्या. मूल तापाने झोपलं की मेसमधून खिचडी आणायला मैत्रिणीच्या हातात काहीतरी लागतं.

डॉक्टर, कॉलेजच्या दवाखान्यात काम

पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या दोन पट्ट्या, सिट्रिझिनची एक, ओआरएसची सहा पाकिटं, पोव्हिडोन आयोडीन, चिकटपट्ट्या, गॉज, डिजिटल थर्मामीटर. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण ओतायचं; ग्लासात थोडं थोडं कालवलं तर क्षारांचं प्रमाण चुकतं आणि जुलाब वाढू शकतात. पावसाळ्यात ताप आला तर आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन स्वतःहून घेऊ नका. डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. अँटिबायोटिक्स सोबत देऊ नका. दमा, फिट्स, ॲलर्जी असेल तर ते रेक्टर आणि खोलीतल्या जोडीदार दोघांनाही सांगा, आणि चालू औषधांची चिठ्ठी कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवा. मुलींनी दोन-तीन पाळ्यांचे पॅड आणि रबराची गरम पाण्याची पिशवी न्यावी.

नागपूर, वैद्यकीय

विदर्भात उन्हाळी परीक्षा आणि ४५ अंशांचं ऊन एकत्र येतं. कूलर विकत नेऊ नका. मार्चमध्ये तिथे भाड्याने मिळतो, आधी वसतिगृहाची परवानगी आणि वीजभाडं विचारा. पांढरा सुती रुमाल किंवा मोठी ओढणी, पूर्ण बाह्यांचे सैल शर्ट, दोन लिटरची बाटली. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, हे पुण्या-मुंबईकडच्यांना ठाऊक नसतं. दुलई तेव्हा लागतेच. हाडांचा संच विकत घेऊ नका, वरच्या वर्गाकडून मिळतो.

खरगपूर आणि दिल्लीला मुलं पाठवलेले पालक

रेल्वेत स्लीपर आणि थ्री-एसीला ४० किलो, टू-एसीला ५० किलो सामान मोफत. स्लीपरमध्ये नेण्याच्या पेटीची मर्यादा १०० × ६० × २५ सेंटिमीटर. घरीच मोजा. कॉटखालची उंची बारा ते चौदा इंच असते, त्यामुळे २५ सेंटिमीटरची पेटी बरोबर सरकते आणि मोठी चाकांची बॅग वर्षभर वाटेत उभी राहते. काहीजण पेटीला जुनाट म्हणतात, पण उंदीर आणि ओल दोन्हींना तीच दाद देत नाही. पावसाळ्यात मात्र तळाला रंग लावून दोन विटांवर ठेवा, नाहीतर गंज चादरींना लागतो.

उत्तरेची रजाई आणि लोकरीचे कपडे इथून नेऊ नका. आपल्याकडचे स्वेटर दिल्लीच्या जानेवारीला पुरत नाहीत. तिथे नोव्हेंबरपासून तिबेटी विक्रेत्यांच्या स्टॉलवर जाड कपडे मिळतात. इथून थर्मलचे दोन जोड आणि लोकरी मोजे पुरेत.

माजी रेक्टर (पुन्हा)

मे महिन्याचं राहिलंच. बहुतेक ठिकाणी सत्र संपताना खोली पूर्ण रिकामी करावी लागते, आणि पुढच्या वर्षी तीच खोली मिळेल असं नाही. गादी दोन दिवस कडक उन्हात घालून, जाड प्लॅस्टिकमध्ये बांधून, नाव, वर्ग आणि फोन नंबर कापडी पट्टीवर लिहून शिवून टाका. कागदी चिठ्ठी पावसाळ्यापर्यंत टिकत नाही. गोदामात ठेवताना पावती मागा, आणि गादी जमिनीला टेकू देऊ नका.