मैत्रीण दोन वर्षांच्या मुलाच्या दुधात स्वीटनर घालते, बोलू का गप्प बसू?

पाऊलवाट:
गेल्या आठवड्यात मैत्रिणीकडे गेले होते. कॉलेजपासूनची मैत्रीण आहे, एकमेकींपासून काही लपवलेलं नाही. तिचा मुलगा दोन वर्षं दोन महिन्यांचा. तिने सिपरमध्ये दूध ओतलं, ओट्यावरची ती छोटी पांढरी डबी उचलली आणि टिक टिक करून दोन गोळ्या पाडल्या, ॲस्पार्टेम या साखरेऐवजी वापरायच्या स्वीटनरच्या. तो आवाज ऐकून पोरगं हातातलं खेळणं टाकून धावत आलं. दुधाला तो दूध म्हणतच नाही, "टिकटिक" म्हणतो.

मी तेव्हा काहीच बोलले नाही आणि तेच आता मनाला लागून राहिलंय. ती निष्काळजी अजिबात नाही, साखर नको म्हणूनच करतेय हे सगळं. पण २०२३ मध्ये डब्ल्यूएचओने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने, ६ ते २३ महिन्यांच्या मुलांच्या आहाराबद्दल ज्या सूचना काढल्या त्यात स्वीटनर देऊ नये असं सरळ म्हटलंय. हा २३ महिन्यांच्या पुढे गेलाय मान्य, पण तीन महिन्यांत असा काय फरक पडतो? मला वाटतं विचारावं. तुम्ही काय केलं असतं?

उंबरठा:
मी गप्प बसले असते. तिचं मूल, तिचं घर. आई झाल्यापासून बाईला किती जण किती काय सांगत असतात याचा हिशोबच नाही, दूध कमी पडतंय का, एवढा बारीक का, अजून बोलत कसा नाही, आणि त्यात एक मैत्रीण असते जिच्यासमोर ती केस न विंचरता बसू शकते. ती पण तपासणी करायला आली तर मग तिने जायचं कुठे? तुम्ही दोन तास होतात तिथे, ती चोवीस तास आहे.

आकडेमोड:
भावना बाजूला ठेवून हिशोब करू. ॲस्पार्टेमची रोजची स्वीकारार्ह मात्रा आहे किलोमागे ४० मिलिग्राम. जुलै २०२३ मध्ये कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ते 'कदाचित कॅन्सरकारक' गटात, म्हणजे २बी मध्ये टाकलं तेव्हा खूप आरडाओरडा झाला, पण त्याच वेळी अन्नातली मात्रा ठरवणाऱ्या समितीने हा ४० चा आकडा तसाच ठेवला. मूल १२ किलोचं धरा, म्हणजे ४८० मिलिग्राम. एका गोळीत २० च्या आसपास असतं. दोन वेळचं दूध म्हणजे चार गोळ्या, ८० मिलिग्राम. मर्यादेच्या सहाव्या हिश्श्यात आहे ती बाई. साखरेने दात किडतात हे मात्र पक्कं आहे, स्वीटनरने किडत नाहीत. मग विचारायचं काय नक्की?

पाऊलवाट:
@आकडेमोड, हिशोब पटला आणि खरं सांगते त्याने जरा हायसंही वाटलं. पण विषबाधा होईल असं माझं म्हणणंच नाही. माझी काळजी जिभेची आहे. साध्या दुधात १०० मिलीला साधारण ५ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर असते, दूध मुळातच थोडं गोड. ती गोडी त्याला आता कळतच नाही, कारण त्याच्यावर दुसरी गोडी चढवलीय. हेच वय असतं चवी शिकायचं, नवीन चव आठ-दहा वेळा पुढे आली की मग कुठे मूल ती घ्यायला लागतं. आणि हा शिकतोय काय, तर डबी वाजल्याशिवाय पेय प्यायचं नाही. डब्ल्यूएचओचा मुद्दाही तोच आहे, साखर काढून तिथे दुसरं गोड ठेवू नका, एकूण गोडच कमी करा.

इन्सुलिनवाले_बाबा:
या विषयावर मला बोलायलाच हवं. माझ्या मुलीला टाईप १ डायबिटीस आहे, ती पावणेतीन वर्षांची असताना कळलं. आम्ही तिच्या प्रत्येक घासातले कार्ब्स मोजतो, दुधातलं लॅक्टोजसुद्धा मोजतो. तिला सगळ्यांसारखं गोड काहीतरी खाता यावं म्हणून कधीकधी स्वीटनर वापरतो, तिच्या डॉक्टरांना विचारून. एका वाढदिवसाला जवळच्याच एका बाईंनी भर लोकांत "एवढ्याशा पोरीला केमिकल कसं देववतं तुम्हाला" असं विचारलं. माझी बायको त्यानंतर सहा महिने कुठल्या कार्यक्रमाला गेली नाही. डब्ल्यूएचओची स्वीटनरबद्दलची मे २०२३ ची जी मुख्य सूचना आहे, तिच्यात आधीपासून डायबिटीस असलेल्यांना वगळलंय, हेही वाचा. तुमच्या मैत्रिणीकडे काही कारण असेल तर? सगळं सांगते म्हणता, पण मुलाच्या आजाराबद्दल माणूस सगळ्यांशी बोलतोच असं नाही. आम्ही वर्षभर कोणाला सांगितलं नव्हतं.

उंबरठा:
@इन्सुलिनवाले_बाबा, अगदी हेच म्हणायचं होतं मला.

दोन_पिल्लं:
बाबा, वाचून वाईट वाटलं, त्या बाईंचं चुकलंच. पण मला तुमच्या अनुभवातून उलटं दिसतं. त्यांनी विचारलं कुठे, त्यांनी निकाल दिला आणि तोही चारचौघांत. दोघीच असताना "अगं, हे का घालतेस, डॉक्टरांनी सांगितलंय का?" असं एका वाक्यात विचारलं आणि उत्तर काहीही आलं तरी ऐकून घेतलं, तर त्यात अपमान कुठे आहे? कारण असेल तर ते कळेल, नसेल तर तिला एकदा विचार करायला मिळेल. काहीच न बोलता घरी जाऊन मनात ठेवणं मला जास्त वाईट वाटतं, कारण ते चेहऱ्यावर दिसतंच.

आणि आणखी एक, माझी मोठी मुलगी वर्षाची असताना मीही हेच करत होते, फक्त गोळ्यांऐवजी थेंब होते, सुक्रालोजचे. ते साखरेच्या सहाशे पट गोड असतं हे मला माहीतच नव्हतं. नैसर्गिक गोष्टीपासून बनवलंय असं वाचलं आणि निश्चिंत झाले. कोणीतरी विचारलं असतं तर बरं झालं असतं, आजही वाटतं.

आकडेमोड:
पण मग तुम्हाला घरातली निम्मी औषधंही फेकावी लागतील, मुलांच्या बऱ्याच सिरपमध्ये सुक्रालोज नाहीतर सॅकरीन असतं.

दोन_पिल्लं:
औषध आजारपणात चार दिवस, दूध रोज दोनदा. डब्ल्यूएचओनेही औषधं आणि टूथपेस्ट या सूचनेतून वगळलीयत.

खडूफळा:
एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. ॲस्पार्टेममधून फेनिलॲलॅनिन मिळतं आणि फेनिलकीटोन्युरिया नावाचा जन्मजात आजार असलेल्या मुलांना ते चालत नाही, डबीवर तसं लिहिलेलंही असतं. आजार दुर्मीळ आहे, पण ही तपासणी जन्मल्यावर सगळीकडे होत नाही. बाकी दही, ज्यूस, बिस्किटं यांच्या मागे ९५१, ९५४, ९५५ हे नंबर दिसले तर तीही ॲस्पार्टेम, सॅकरीन आणि सुक्रालोजच आहेत. आई दोन गोळ्या मोजते आणि बाकीचं पाकिटातून जातं.

पाऊलवाट:
अपडेट देते. काल फोन केला. बाबांचं वाचून आधी दोन दिवस फोन हातात घेऊन ठेवत होते. विचारलं एवढंच की "टिकटिक कधीपासून सुरू केलंस गं?" तर म्हणाली, पुढच्या दोन दातांवर पांढरे डाग दिसले, दातांच्या डॉक्टरांनी साखर बंद करा सांगितलं, रात्रीची बाटली बंद करा सांगितलं, पण बिनसाखरेचं दूध तो थुंकायला लागला. तीन रात्री रडला. घरात सगळे तिच्यावर चिडले आणि चौथ्या दिवशी तिने ही डबी आणली. तिला कोणी आणा म्हटलं नव्हतं आणि नको असंही कोणी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं मला जिभेची काळजी वाटली. ती थोडा वेळ गप्प होती आणि मग "हे तू त्या दिवशी माझ्यासमोर का नाही बोललीस" म्हणाली. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

उंबरठा:
तरी माझं मत फार बदललं नाही. तिने ऐकून घेतलं कारण तुमची मैत्री तेवढी जुनी आहे, सगळ्यांची नसते. पण तीन रात्री ती एकटी होती हे वाचून मलाच कसंतरी झालं.

दोन_पिल्लं:
@पाऊलवाट, तिला सांग एकदम बंद करू नकोस. आम्ही थेंब असेच हळूहळू कमी केले, तिने दोन गोळ्यांची दीड करावी, आठवडाभर तेच, मग एक, मग अर्धी. सिपर बदलून साध्या पेल्यात द्यायला लागलो, त्याने मोठी मदत झाली, कारण पेला नवीन म्हणून चवही नवीन चालली. आणि गोळी मुलासमोर टाकायचीच नाही, आधीच विरघळवून ठेवायची, म्हणजे तो आवाज सुटतो. आम्हाला पाच आठवडे लागले, मधे दोन दिवस दूध अजिबात प्यायली नाही, तेव्हा घाबरू नका म्हणावं, बाकी जेवण नीट चालू असेल तर दोन दिवसांनी काही बिघडत नाही. रात्रीच्या बाटलीचं मात्र दातांच्या डॉक्टरांनी सांगितलंय तेच करा, दुधातलं लॅक्टोज रात्रभर दातांवर राहतं, तिथे गोळी असो नसो.