भूप, देशकार आणि अर्जातला रकाना

सदाशिवपेठी: काल इथे एकाने लिहिलं, "डेटा तटस्थ असतो, कप्पे ही नुसती सोय. कलावंतांनी त्यात नाक खुपसू नये." रात्रभर डोक्यातून जाईना. इमेजनेट म्हणजे यंत्राला शिकवायला गोळा केलेल्या, लेबलं लावलेल्या फोटोंचा संग्रह. २०१९ मध्ये कलावंत ट्रेव्हर पॅग्लन आणि संशोधक केट क्रॉफर्ड यांनी त्यावर 'इमेजनेट रूलेट' केलं. आपला फोटो द्यायचा, यंत्र कप्पा सांगणार. काहींना चक्क शिव्या मिळाल्या. ती लेबलं माणसांनीच लावलेली होती! मग इमेजनेटवाल्यांनी माणसांचे ६ लाख फोटो काढायचं जाहीर केलं. खुपसलं नाक ते बरं झालं.

विमाननगर: कालचं मीच लिहिलं होतं. मी रोज डेटाचे कप्पे करायचंच काम करतो, कप्पे नसले तर काही हलत नाही. प्लूटो २००६ मध्ये बटुग्रह ठरला, त्याला चित्रकार लागला नाही.

तानपुरा: प्लूटो जागचा हलला का? व्याख्या बदलली. म्हणजे कप्पा आपल्या वहीत होता, आकाशात नव्हे. भूप आणि देशकार हे दोन राग, दोन्हींत सा रे ग प ध. परवा क्लासमध्ये एक मुलगी भूप गाताना धैवतावर (ध) रेंगाळली आणि देशकार दिसायला लागला. स्वर एकही चुकला नव्हता. तुमच्या यादीत हे कुठे बसतं?

विमाननगर: कोणत्या स्वरावर किती भर, त्या वजनाचा एक रकाना वाढवायचा. संगीतशास्त्री भातखंड्यांनी १० थाट, म्हणजे स्वरांवरून रागांचे गट, केले म्हणून तर राग शिकवता येतात.

तानपुरा: भातखंड्यांना मी नावं ठेवली का? नीट वाचा! पण मधुवंती रागात रिषभ (रे), धैवत शुद्ध, तोडी थाटात दोन्ही कोमल, तरी ती त्याच थाटात. का, ते सांगा.

सदाशिवपेठी: अहो, विषय थाटांचा नाही.

तानपुरा: तोच आहे.

धुळेकर: रागांचं राहू द्या. माझ्या शाळाप्रवेशाच्या अर्जात आईने मातृभाषा 'अहिराणी' लिहिली. कारकुनाने रेघ मारून वर 'मराठी' लिहिलं. त्या रेघेखाली आईचं वळणदार अक्षर अजून वाचता येतं. आणि २०११ च्या जनगणनेत अहिराणी धरली खानदेशीत, मराठीत नाही. घर तेच, बोली तीच. सोय नेमकी कोणाची झाली?

विमाननगर: ...बरं. रकाना कोणी आखला हे विचारायला हवं, एवढं मान्य. गाण्याने नाही पटलं, त्या अर्जाने पटलं. आमच्याकडे 'इतर'मध्ये पडलेलं सगळं न बघता उडवतात, मीही उडवलंय. सोमवारी आधी उघडून बघेन.

तानपुरा: बघा. मधुवंतीचं उत्तर राहिलंय.