कुशीवर वळवायचं की आधी कानाखाली काढायची?

नाईट_सिस्टर: काल एकाने टाकलंय, "पार्टीत ड्रग्ज घेऊन पडलेल्याला पडू द्या, एक मेला की दहा सुधारतील." डोकंच उठलं. अकरा वर्षं कॅज्युअल्टीत नाईट केल्यात. पोरं मित्राला दोन-दोन तास उशिरा आणतात, का तर पोलीस केस होईल. आधी लिंबूपाणी, मग शॉवरखाली, मग कुणाच्या तरी दादाला फोन, तोवर अंग तव्यासारखं तापलेलं. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा, तोंडात काही ओतू नका, १०८ लावा, काय घेतलंय ते खरं सांगा. एवढं शिकवायला काय जातं?

खडूस_काका: उद्या गोळी कशी गिळायची त्याचेही क्लास काढा! आमच्या वेळी बाप एक ठेवून द्यायचा, विषय संपला.

भांडुपची_मावशी: तुमच्या वेळी गर्द होतं काका, ब्राऊन शुगर. आमच्या चाळीतली दोन पोरं गेली त्यात. एकाला तर बाप रोज पट्ट्याने सोलायचा.

तहानलेला: खरे चोर क्लबवाले. नळ बंद, पाण्याची बाटली दोनशेला, आत उकाडा. पोरं तापणार नाही तर काय?

नाईट_सिस्टर: पाणी हवंच, पण एमडीएमएवर, म्हणजे एक्स्टसीच्या गोळीवर, लिटरच्या लिटर ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, मेंदूला सूज येते. आणि पोरं ज्याला एमडी म्हणतात ते वेगळं, ते मेफेड्रोन नावाचं दुसरंच ड्रग. पुडीत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

तहानलेला: म्हणजे दोनशेची बाटली औषध म्हणून घ्यायची? वा!

खडूस_काका: पाण्याचं मात्र खरंय. परवा नातवाला पिक्चरला नेलं, घरची बाटली गेटवरच काढून घेतली मेल्यांनी.

तहानलेला: बघा! माझ्याकडून तर सॅनिटायझरपण घेतलेला.

भांडुपची_मावशी: पोरं मरतायत आणि तुमचं बाटलीपुराण!

कोर्टाची_पायरी: एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याचं कलम ६४अ वाचा, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट आहे.

नाईट_सिस्टर: ती व्यसन्याला. फोन करणाऱ्या मित्राचं काय? रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे, इथे तो बिचारा स्वतःपण घेऊन बसलेला असतो, कशाला लावेल फोन?

खडूस_काका: बरं बाई, लावा १०८. शुद्धीवर आला की मला बोलवा, हात शिवशिवतायत.

नाईट_सिस्टर: या. पण डिस्चार्ज झाल्यावर.

तहानलेला: आणि बाटलीचं?