भाचा अमेरिकेत जज्जच्या निवडणुकीला उभा आहे, पैसे पाठवू का?

संत्रेवाली_आत्या (धरमपेठ):
नमस्कार मंडळी. माझा भाचा ओहायोत वकील आहे. आठवीत असताना भाऊ-वहिनीसोबत नागपूर सोडलं, तिकडेच शिकला, आता तिकडचाच नागरिक. आधी काउंटीच्या (म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या) सरकारी वकिलाच्या ऑफिसात होता, मग स्वतःचं ऑफिस टाकलं. सध्या तिथल्या कॉमन प्लीज कोर्टाच्या (काउंटीचं खटले चालवणारं कोर्ट) जज्जपदासाठी निवडणूक लढवतोय, तीही दुसऱ्यांदा. मागच्या वेळी पडला.

परवा भावाने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. लोकांच्या घरापुढच्या हिरवळीवर भाच्याच्या नावाच्या पाट्या खोचलेल्या, आडनावाचे चार तुकडे करून मध्ये आडव्या रेघा (त्या कशाला, देव जाणे). खाली देणगीची लिंक. आमचे हे म्हणतात, जज्ज कधी मतं मागतो का, कुणीतरी भावाचा फोन हॅक केला असेल. तर दोन प्रश्न. असं खरंच असतं का? आणि मी पंचवीस हजार बाजूला काढलेत, ते पाठवू का?

वऱ्हाडी_ठेचा:
जज्जची निवडणूक! मंग हरलेला उमेदवार निकालावर अपील कोणाकडं करून राह्यला असंल बाप्पा?

काळा_कोट_सिव्हिल_लाइन्स:
ताई, आधी दुसरा प्रश्न, कारण तो घाईचा आहे. पाठवू नका. तुम्ही भारतीय नागरिक, ग्रीन कार्ड नसणार असं धरतो. अमेरिकेचा कायदा परदेशी माणसाला तिथल्या कुठल्याच निवडणुकीत पैसे देऊ देत नाही, मग ती देशाची असो, राज्याची असो की काउंटीची. भावाच्या खात्यात टाकून त्याच्या नावाने देऊ म्हणाल, तर ते आणखी वाईट. विरोधकाच्या हाती आयतं कोलीत.

आता पहिला. फसवणूक नाही, खरंच असतं. तिकडे फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टाचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देतं आणि ते तहहयात बसतात. राज्यांच्या कोर्टांचं वेगळं. बहुतेक राज्यांत कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर जज्जला मतदारांपुढे जावंच लागतं. मिसिसिपीने १८३२ मध्येच सगळे जज्ज निवडणुकीने घ्यायला सुरुवात केली. ओहायोत तुमच्या भाच्याच्या कोर्टासाठी किमान सहा वर्षं वकिली हवी, वय सत्तरीच्या आत हवं आणि निवडून आला की सहा वर्षांची मुदत. गंमत अशी की आधी पक्षाच्या प्रायमरीतून, म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीतून यायचं, पण नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर या कोर्टापुढे पक्षाचं नाव छापत नाहीत. आणि तो ज्या सरकारी वकिलाच्या हाताखाली होता, तो काउंटी प्रॉसिक्यूटरही निवडूनच येतो.

आपल्याकडे वकिलाला जज्ज व्हायचं तर सात वर्षं प्रॅक्टिस करून जिल्हा न्यायाधीशाची परीक्षा द्या, नाहीतर दहा वर्षांनंतर हायकोर्टासाठी कॉलेजियमची, म्हणजे नावं सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायाधीशांची, नजर पडायची वाट बघा. हिदायतुल्ला १९३० मध्ये नागपुरात वकिलीला लागले, बोबडे १९७८ मध्ये. गवई १९८५ मध्ये वकील झाले, पुढे नागपुरातच वकिली केली. तिघेही सरन्यायाधीश झाले, एकानेही त्यासाठी हिरवळीवर पाटी खोचली नाही. वकिलाची नेमप्लेटसुद्धा माफक आकाराची असावी असा बार कौन्सिलचा नियम आहे आपला.

मी १९९४ पासून वकिलीत. ती परीक्षा तीनदा दिली. पहिल्यांदा लेखीतच गेलो. दुसऱ्यांदा मुलाखतीपर्यंत पोचलो. प्रश्न आला, दोन मृत्युपूर्व जबान्या एकमेकींच्या विरोधात असतील तर? उत्तर येत होतं हो, पण दहा वर्षं आरोपीकडून उभं राहायची सवय, दोन मिनिटांत मी युक्तिवादच करायला लागलो. समोरून एकजण हसून म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही अजून बाजू घेऊनच बोलताय." तिथेच कळलं. तिसऱ्यांदा पुन्हा लेखी, आणि मग पंचेचाळिशी उलटली, विषय संपला.

मग खाज म्हणून बारची, म्हणजे वकील संघटनेची निवडणूक लढलो. दोनदा पडलो, दुसऱ्यांदा अकरा मतांनी. तुमच्या भाच्याला हे सांगा. तो महिनाभर माझ्या तोंडून 'नाही' हा शब्द निघाला नाही. समोरच्या वकिलाने तारीख मागितली की माझं 'नो ऑब्जेक्शन' तयार, कारण त्याचं एक मत आणि त्याच्या ज्युनिअरांची तीन. एका म्हाताऱ्या पक्षकाराची ताब्याची केस होती, सावनेरहून एसटीने यायचा. त्या महिन्यात दोनदा हात हलवत परत गेला. तर्री पोह्याच्या गाडीवर मी मतं मोजत होतो. हरल्याचं दुःख आठवडाभर टिकलं असेल, त्या म्हाताऱ्याचं अजून आहे.

म्हणून मला ती पद्धत झेपत नाही. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने एका उमेदवाराला जज्ज करायला सुमारे तीस लाख डॉलर ओतले, आणि त्याच्याच कंपनीचं पाच कोटी डॉलरचं अपील त्या जज्जपुढे आलं. जज्ज बाजूला व्हायला तयार नाही! २००९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की त्याने बाजूला व्हायला हवं होतं.

पण आपल्याकडे मतदान नाही, असंही म्हणणार नाही. आहे. हायकोर्ट कॉलेजियममध्ये मतदार तीन, एवढंच. आणि तिथे कोण का पडला ते पडणाऱ्यालाही कळत नाही. भाच्याला निदान आकडा तरी कळला.

कोलंबसचा_महालवाला:
मी ओहायोतच, मूळचा नागपूरच्या महाल भागातला. काका बरोबर सांगताहेत, पण इथलं खरं दुखणं वेगळंय. मतपत्रिका लांबलचक, जज्जच्या रकान्यापर्यंत पोचेस्तोवर लोक दमतात. बरेच जण तो भाग कोराच सोडतात, बाकीचे ओळखीचं वाटेल त्या आडनावावर खूण करतात. क्लीव्हलंडकडे आयरिश आडनाव असलं की अर्धी लढाई जिंकली, हे लोक उघड बोलतात. मीही पहिल्या वेळी असंच केलं, खोटं कशाला बोलू. आता आधी वकील संघटनांनी दिलेले शेरे वाचून जातो.

आत्या, पाटीवरच्या रेघा त्यासाठीच. आपलं आडनाव लोकांना तोंडाने म्हणता आलं पाहिजे, तरच लक्षात राहतं. कोणती काउंटी?

संत्रेवाली_आत्या:
माँटगोमेरी, डेटन.

कोलंबसचा_महालवाला:
मी फ्रँकलिनमध्ये. माझं मत नाही जात तिकडे. डेटनला दोन मित्र आहेत, त्यांना आडनाव म्हणायला शिकवतो.

संत्रेवाली_आत्या:
आभार सगळ्यांचे. रात्री भाच्याशीच बोलले. लिंक भावाने चुकून फॅमिली ग्रुपवर टाकली होती, ती काढून टाकलीय. त्याला वकीलसाहेबांच्या सावनेरच्या पक्षकाराचं सांगितलं. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, आत्या, माझ्याही तीन तारखा पुढे गेल्यात या महिन्यात.

पंचवीस हजार परत एफडीत. एक पाटी तेवढी मागितलीय, येणाऱ्या-जाणाऱ्यासोबत पाठवतो म्हणाला. आमचे हे सकाळपासून बाल्कनीत खिळ्याची जागा शोधताहेत.